शलाकाची काठी

“आँख में देखो,” गुरुक्कळ म्हणाले. “लकडी में नहीं.”

मी शलाकाच्या डोळ्यांत बघितलं. ते सुजलेले दिसत होते, पण उजाडता उजाडता कळरीत उतरलं की आम्हा दोघींचेही डोळे तसेच असायचे. दहा वर्षांची माझी धाकटी बहीण. कमरेला लाल पट्टा आवळलेला, हातापायांना तिळाचं तेल, आणि दोन्ही मुठींत तिच्या कपाळाला लागेल एवढी काठी. समोर मी, चौदा वर्षांची, त्याच अवतारात.

कळरी म्हणजे केरळातल्या जुन्या युद्धकलेचा आखाडा, जमिनीत छातीइतका खोल खणलेला लांबट खड्डा. वर झावळ्यांचं छप्पर, खाली चोपून बसवलेली तांबडी माती, एका कोपऱ्यात पायऱ्यापायऱ्यांचं देवाचं ठाणं. उतरताना उजवा पाय आधी टाकायचा, मातीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मग जीव जाईपर्यंत लाथा मारायच्या. पाय डोक्याच्या वर गेला पाहिजे. गेला की पुन्हा. मग पुन्हा. गुरुक्कळ, म्हणजे आमचे गुरू, काठावर उभे राहून मल्याळममध्ये हुकूम म्हणायचे, एका सुरात, आरती म्हटल्यासारखे, आणि त्या सुराबरोबर आमची अंगं वळायची. मला त्यातला एकही शब्द कळत नव्हता. पायांना मात्र कळायला लागला होता.

जोडीच्या काठीचा नियम सोपा होता. वार ठरलेले असतात. ती कपाळावर मारणार, मी अडवणार; मी गुडघ्यावर मारणार, ती अडवणार. काठीला काठी लागते, माणसाला लागत नाही. दोघींनाही पुढचा वार ठाऊक असतो, म्हणून तर जोरात मारता येतं.

त्या सकाळी मी खुशीत होते. आदल्या संध्याकाळी बाबानं घरी परतायचं जाहीर केलं होतं.

आम्ही नाशिकचे. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांचं डिझाइन करायचा, आई फिजिओथेरपिस्ट. माझी सातवीची परीक्षा झाली आणि दोघांनी सांगितलं की आता एक वर्ष सगळं सोडून फिरायचं. बाबानं एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, मागच्या सीटा काढून चार बर्थ बसवले, गॅसची शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी. माझ्या वर्गातल्या मुली गाडी बघायला घरी आल्या होत्या. पहिले काही महिने मलाच माझा हेवा वाटायचा.

मग ते उतरत गेलं. दर आठ-पंधरा दिवसांनी नवं गाव, नवा नळ, नवा संडास. कपडे कधी पुरते वाळायचे नाहीत, तसेच घड्या घालून पिशवीत. कुठे कुणाशी जरा ओळख व्हायला लागली की गाडीची घरघर सुरू. एका गावात एका मुलीनं हातवारे करून मला नाव विचारलं, तर मी सांगितलंच नाही. कशाला, परवा निघायचंय. ठरलेलं एक वर्ष संपलं, वर पावसाळा गेला, दिवाळी गेली. दर वेळी काहीतरी निघायचं आणि ते शलाकाचं असायचं. हंपीला तिनं गाडीची किल्ली नदीत पाडली. मदुराईत पोट धरून बर्थवर पडून राहिली. धनुष्कोडीला तिला समुद्री कासवं बघायचीच होती. आणि दिवाळीनंतर इकडे वडकऱ्याजवळ एका देवळाच्या उत्सवात पोरंपोरी काठ्या फिरवत हवेत उडताना दिसल्यावर ती बाबाच्या शर्टाला लटकून म्हणाली, “मला हे शिकायचंय. नीट. सगळं.”

काठीला जोडी लागते, म्हणून पट्टा मलाही बांधला.

कुंजिरामन गुरुक्कळ सत्तरीचे होते. तरुणपणी फौजेत होते, त्यातली काही वर्षं देवळालीला. तिथलंच त्यांचं हिंदी. आम्ही नाशिकचे म्हटल्यावर त्यांनी घरामागच्या दोन खोल्या आम्हाला उघडून दिल्या. एरवी वर्षभर ते नव्या पोराच्या हातात काठी देत नसत. आम्ही राहणार किती, म्हणून आम्हाला दोन महिन्यांत दिली, आणि हे त्यांच्या मनाला फारसं पटलेलं नव्हतं. शलाकाचा हात मात्र त्यांना आवडला होता. ती काठी फिरवायला लागली की ते हुकूम म्हणता म्हणता जरा पुढे वाकायचे.

आई-बाबांचंही सांगायला हवं. नाशिकला ते भांडायचे, दार लावून, हळू आवाजात. या सगळ्या प्रवासात ते एकदाही भांडले नाहीत. एकमेकांना ‘प्लीज’ म्हणायचे, ‘थँक यू’ म्हणायचे. बाबा विचारायचा, “तुला चालेल ना?” आई म्हणायची, “तुला चालत असेल तर.” मला वाटायचं, फिरण्यानं माणसं सुधारतात.

तर आदल्या संध्याकाळी पिठलं-भाताच्या ताटावर बाबा म्हणाला, “ऐका. फेब्रुवारी संपला की नाशिक. या वेळी नक्की. ऋजूला शाळेत बसवायला हवं आता.”

मी खरकट्या हातानं त्याला मिठी मारली.

शलाकानं हातातला घास खाली ठेवला. “मग कळरी?”

“नाशिकला कराटेचे क्लास असतात की.”

“कराटे वेगळं असतं.”

“बघू आपण,” आई म्हणाली. “तू आधी जेव.”

“पाडव्यापर्यंत तरी राहू. प्लीज, बाबा. पाडव्यापर्यंत.”

बाबानं आईकडे बघितलं. ते बघणं मला चांगलं माहीत होतं. आता तो ‘तुला चालेल का’ विचारणार आणि महिना लांबणार. माझा तोल गेला.

“पुरे झालं हं शल! दर वेळी तुझ्यामुळे लांबतं. मला घरी जायचंय. मला माझ्या खोलीत झोपायचंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “कुठल्या घरी?”

“कुठल्या म्हणजे? आपल्या. कॉलेजरोडच्या.”

आईनं पिठल्याचं भांडं उचललं आणि आत नेलं. त्यात अजून निम्मं पिठलं होतं.

आणि आता सकाळी गुरुक्कळांचे हुकूम चालले होते, आमच्या काठ्या टणाटण वाजत होत्या. कपाळ, गुडघा, डावी बरगडी. मी डोळ्यांत बघत होते. पुढचा वार डोक्यावर यायचा, म्हणून मी काठी वर नेली. शलाकाच्या डोळ्याची पापणी हलली नाही. काठी खालून, बाजूनं आली आणि माझ्या उजव्या मनगटाच्या वर बसली.

आवाज आधी ऐकू आला. सुकी फांदी मोडावी तसा.

गुरुक्कळ काठावरून सरळ खड्ड्यात उडी मारून आले. मातीला हात लावला नाही, काही नाही. त्यांनी माझा हात खालून तळव्यावर तोलून धरला आणि घराच्या दिशेनं ओरडले, “डॉक्टर!” आईला ते डॉक्टरच म्हणायचे.

आई धुण्याच्या ओल्या हातांनी पळत आली. ती आणि गुरुक्कळ मातीत गुडघे टेकून माझ्या हाडावरून बोटं फिरवत होते, एकानं एकीकडून, एकीनं दुसरीकडून, एक अक्षर न बोलता.

“एक है,” गुरुक्कळ म्हणाले.

“हां. एकच हाड. सरकलेलं नाही.” आईचा आवाज अगदी तिच्या दवाखान्यातला होता. “बांध दीजिए. मग एक्स-रेला नेते.”

त्यांनी बांबूच्या कांबी लावून हात बांधला. त्या सगळ्या वेळात शलाका काठी धरून तिथंच उभी होती.

“निसटली,” ती म्हणाली. “ताई, निसटली गं. तेल होतं हाताला.”

गाडीतही ती तेच म्हणत होती. शहरातल्या दवाखान्यात कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. दीड महिना ते राहणार होतं, आणि सुरुवातीला तरी लांबचा प्रवास, खड्डे, धक्के नकोत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

“म्हणजे निघणं पुढे गेलं,” बाबा म्हणाला.

आईनं डोळे मिटून मान मागे टेकली. मी रडत होते. हातासाठी कमी, नाशिकसाठी जास्त. शलाका आईच्या मांडीवर डोकं टाकून झोपून गेली होती, तोंड उघडं, खोल. दिवसभर ओझी वाहिलेलं माणूस झोपतं तशी.

त्यानंतरचे दिवस एकसारखे होते. मी ओसरीत खाटेवर बसून असायचे. शलाका माझी वेणी घालायची, मला भरवायची, माझ्या वहीत माझ्याऐवजी गणितं उतरवायची. मी तिच्याशी तुटकच बोलायचे, तरी ती हटायची नाही. सकाळी पट्टा बांधून कळरीशी जायची, आणि गुरुक्कळ हात आडवा करून म्हणायचे, “आज नहीं.” बाकीच्या पोरांना आत घ्यायचे. ती पायरीच्या वर बसून राहायची. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

एके दिवशी सकाळचा वर्ग सुटल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. अवघडलेल्या खांद्याला तेल लावता लावता, अगदी सहज, म्हणाले, “लकडी फिसला नहीं.”

“तेल था ना,” मी म्हणाले.

“पचास साल से तेल देखता हूँ. फिसलता है तो लकडी नीचे गिरता है. उसका हाथ में था. मारने के बाद भी हाथ में था.”

गुरुक्कळ अंगठ्यानं खांद्याची शीर दाबत राहिले.

“मेरे पे गुस्सा थी,” मी शेवटी म्हणाले. “आदल्या दिवशी मी... झगडा हुआ था.”

“नहीं. गुस्से का मुँह मैं पहचानता हूँ. वो डरा हुआ था.”

“आपने मम्मी-पापा को क्यों नहीं बताया?”

“मैं बोलेगा तो बच्चे को सजा मिलेगा. बात अंदर रह जाएगा.” त्यांनी तेलाची वाटी उचलली. “तुम पूछो. बडा बहन है.”

दुपारी शलाका माझे केस धुवायला मला विहिरीशी घेऊन गेली. प्लास्टर भिजू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. मी दगडावर मान खाली घालून बसले, ती मागे उभी राहून तांब्यानं पाणी ओतत होती. आई-बाबा बाजारात गेले होते. तिचा चेहरा दिसत नव्हता, हे एक बरं होतं.

“तू मुद्दाम मारलंस ना?”

तांब्या थांबला. मग पुन्हा पाणी आलं.

“बोलू नको, डोळ्यांत साबण जाईल.”

“शल.”

“हो,” ती म्हणाली.

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल, आणि मग मी ओरडेन. ओरडायची सगळी तयारी होती. ‘हो’ला काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

“का?”

“तुझा हात मोडला तर थांबतील ते. तुझं खरंखुरं काही झालं तरच थांबतील. माझ्यावर आता विश्वास ठेवत नाहीत.”

“एवढी आवडते तुला कळरी? माझा हात मोडण्याएवढी?”

ती बराच वेळ केसांना फेस करत राहिली. तिची बोटं लहान होती, पण आता घट्ट झाली होती, काठीमुळे.

“घरी गेलो की ते वेगळे होणार आहेत,” ती म्हणाली.

“कोण?”

“आई-बाबा.”

मी मान वर केली. साबण डोळ्यांत गेलाच.

“कुणी सांगितलं तुला हे?”

“कुणी नाही. गोकर्णला होतो ना, तेव्हा. तू समुद्रावर गेली होतीस. मी वरच्या बर्थवर होते, त्यांना वाटलं झोपलेय. बाबा म्हणाला, ठरलंय ते ठरलंय, पण फिरून होईपर्यंत मुलींना कळू द्यायचं नाही. आई म्हणाली, हे वर्ष मुलींचं. परत गेलो की कागदांचं बघू.” तिनं नाक ओढलं. “आधी मला वाटलं, शाळेचे कागद.”

गोकर्ण. निघालो त्याच्या पहिल्या महिन्यात आम्ही गोकर्णला होतो. ती तेव्हा आठ वर्षांची होती.

मला म्हणायचं होतं, काहीतरी चुकीचं ऐकलंस तू. पण माझ्या डोक्यात त्या दोघांचे सगळे ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ एकामागून एक यायला लागले. घरात पाहुणे असले की माणसं जशी बोलतात, तसं बोलत होते ते. पावणेदोन वर्षं.

“हंपीची किल्ली?” मी विचारलं.

“टाकली मी.”

“मदुराईला पोट?”

“दुखतच नव्हतं. नुसता दहीभात खाल्ला मी सगळे दिवस,” ती म्हणाली आणि एवढ्या सगळ्यात हाच मोठा अन्याय असल्यासारखी रडायला लागली. “तुम्ही समोर डोसे खात होता.”

मी तिचा हात धरला. तिनं तो ओढून घेतला नाही, तेव्हा मला तिच्या मधल्या दोन बोटांची नखं दिसली. काळीनिळी पडली होती.

“हे काय?”

“आधी माझाच मोडणार होते. गाडीच्या दारात घालून. दोनदा घातला. पण दार लावताना हात आपोआप बाहेर येतो, ताई. मी सांगते त्याला थांब, पण थांबतच नाही.”

माझ्या केसांतला फेस मानेवरून पाठीवर उतरत होता. मला तिचा राग यायला हवा होता. हाताला आतून ठणका लागला होता, खाज सुटली होती, माझं नाशिक पुढे गेलं होतं. पण समोर ती उभी होती, गुडघ्याला खरवडलेली, फ्रॉकला तेलाचे डाग.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू रडली असतीस. मग त्यांना कळलं असतं. आणि तुला कंटाळा आला होता फिरायचा. तू म्हणाली असतीस, चला घरी.”

ते खरं होतं.

“मी दमले, ताई,” शलाका म्हणाली. “आता आणखी काय करायचं ते मला सुचत नाहीये.”

केस तसेच टॉवेलात गुंडाळून मी तिला घेऊन ओसरीवर बसले. आई-बाबा बाजारातून आले. बाबानं भाजीच्या पिशव्या ठेवल्या, आईनं चहा टाकला. कप हातात येईपर्यंत मी थांबले. शलाका माझ्या मागे उभी राहून माझा कुडता पाठीशी मुठीत धरून होती.

“शलाकाला माहीत आहे,” मी म्हणाले. “गोकर्णपासून. आता मलाही माहीत आहे.”

“काय माहीत आहे?” बाबानं हसून विचारलं.

“हेमंत,” आई म्हणाली. तिनं कप खाली ठेवला होता.

मग मी सगळं सांगितलं. वरच्या बर्थचं, किल्लीचं, पोटाचं, दाराचं. काठीचं सांगताना शलाकानं कुडता आणखी घट्ट धरला. बाबा माझ्या प्लास्टरकडे बघत होता. मग त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि उठून तिच्यासमोर उकिडवा बसला.

“रागावलास?” तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. तिची काळी नखं त्यानं ओठांना लावली.

“अगं, पण आम्हाला वाटलं तुला आवडतंय,” आई म्हणाली. “दर वेळी तूच म्हणायचीस, अजून थांबू, अजून थांबू. तुझ्यासाठी म्हणून तर...”

“मला वाटलं, तुलाही थांबायचंय. तू कधी नाही म्हणाली नाहीस.”

“मला?” आई हसली. फार वाईट हसली ती. “अगं, त्या बर्थवर झोपून झोपून माझ्या पाठीचं लाकूड झालंय. लोकांच्या पाठी सरळ करणारी बाई मी! रोज सकाळी उठले की पहिला विचार हाच येतो की आज निघूया, घरी जाऊया. पण हेमंतला लांबवायचंय असं वाटलं मला.”

“मला वाटलं, तुला लांबवायचंय,” बाबा म्हणाला.

चहावर साय धरली. चौघांनी मिळून एक गाडी इतके महिने ढकलत आणली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण सोडून बाकीचे तिघं आत मजेत बसलेत.

“मग आता होणार नाही ना वेगळे?” शलाकानं विचारलं.

आईनं बाबाकडे बघितलं. मला वाटलं, आता ते पुन्हा काहीतरी गोड बोलतील. बाबा तिच्यासमोर तसाच उकिडवा बसून होता.

“होणार, बाळा,” तो म्हणाला. “आम्हालाही वाटलं होतं, फिरता फिरता बदलेल काही. मनापासून बघितलं आम्ही. नाही बदललं.”

शलाकानं माझ्या प्लास्टरकडे बघितलं.

“म्हणजे ताईचा हात उगाच मोडला,” ती म्हणाली.

आई उठली आणि तिला उचलून घेतलं. दहा वर्षांची घोडी, लांबच लांब पाय खाली लोंबत होते. त्या मोडक्या पाठीनं आई तिला घेऊन ओसरीभर फेऱ्या मारत राहिली, तान्ह्या बाळाला निजवतात तशी. बाबा आत गेला आणि त्यानं नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता.

असं ठरलं की आम्ही तिघींनी मंगला एक्स्प्रेसनं जायचं, ती थेट नाशिकरोडला जाते आणि रेल्वेत हाताला धक्के कमी. बाबा गाडी घेऊन मागून येईल, एकटा.

निघायच्या दिवशी गुरुक्कळांच्या पाया पडायला आम्ही दोघी कळरीशी गेलो.

“बोल दिया?” त्यांनी शलाकाला विचारलं.

“बोल दिया.”

“तो आओ.” त्यांनी कोपऱ्यातली तिची काठी काढली आणि खड्ड्याकडे हात केला. “आज आओ.”

शलाका जागची हलली नाही. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, “ताई, त्यांना सांग ना. मला नाही जायचं. मला नाही आवडत.”

“काय नाही आवडत?”

“हेच सगळं. कळरी. पहिल्यापासूनच नाही आवडत. पाय दुखतात. तेलाचा वास येतो.”

मला ते सांगायची लाज वाटत होती, पण ते वाट बघत होते. मी सांगितलं. गुरुक्कळ काठी हातात धरून तिच्याकडे बघत राहिले, आणि मग असे हसले की छपरावरचे कावळे उडाले. तीन महिन्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

“इतना अच्छा हाथ!” ते म्हणाले. “और अच्छा नहीं लगता!” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी बाबानं आम्हाला स्टेशनवर सोडलं. सामान चढवलं, पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या, माझा हात भिंतीच्या बाजूला राहील अशी जागा बदलून मागितली. मग खाली उतरून खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला.

“हळू चालव,” आई म्हणाली.

“हो.”

“आणि जेवत जा मधे थांबून.”

“हो, मंजू.”

गाडी हलली. तो चालत आला, जरा पळाला, मग फलाट संपला. शलाका पुढचं स्टेशन यायच्या आत झोपून गेली. नाशिकपर्यंत मधे फक्त खायला उठली. अजूनही ती तशीच आहे. बंगळुरूला नोकरी करते, लांबची सुट्टी मिळाली की मैत्रिणी हिमालयात जातात आणि ही पडदे लावून घरी झोपते. त्या जूनपासून आमची दोन घरं झाली, आईचं कॉलेजरोडला आणि बाबाचं इंदिरानगरला, आणि आम्ही दोन्हीकडे मोठ्या झालो. आई-बाबा पुन्हा भांडायला लागले, फोनवर, आमच्या फीवरून आणि सुट्ट्यांवरून, चांगले मोठ्या आवाजात.

पण त्या संध्याकाळी गाडीत यातलं काहीच अजून झालेलं नव्हतं. बाहेर खाडीचं पाणी काळं होत चाललं होतं. आई माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती.

“दुखतंय?” तिनं विचारलं. माझ्या हाताकडे तिनं बघितलं नव्हतं.

“हो,” मी म्हणाले.

“दुखणारच,” आई म्हणाली. मग तिनं माझा प्लास्टरचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, आणि पायावरची शाल आम्हा दोघींवर ओढली.